‘बंद लिफ्ट’ची जबानी

३ ऑक्टोबर
पहिले गाव, लॉज, खोली ६

आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव, मग बाकीचे.

उतरल्या उतरल्या पत्र लिहायचे ठरले होते, पण उतरल्या उतरल्या माझ्या कानांवर हेडफोन चढवले गेले ते आज दुपारी निघाले.

काम असे आहे. ‘बंद लिफ्ट’ नावाचा एक रॉक बँड आहे. तिघे जण. अठरा वर्षे कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता स्वतःची गाणी स्वतःच काढत आणि वाजवत आले, आणि आता थांबणार आहेत. थांबण्याआधी आठ गावांत आठ निरोपाचे कार्यक्रम. त्यावर आमच्या दिग्दर्शक बाई माहितीपट करत आहेत. तिघांच्या कॉलरला दिवसभर छोटे माइक लावलेले असतात. त्यांत जे येईल ते ऐकून शब्दन्‌शब्द कागदावर उतरवणे हे माझे काम. या जागेसाठी चौघे आलो होतो. बाईंनी सगळ्यांना एकच उतारा ऐकवून लिहायला लावला. बाकीचे तिघे पदवीधर होते. माझ्या पानात एकही चूक नव्हती, म्हणून मी. मी शाळेत कितवीपर्यंत होतो ते त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. हे लपवणे झाले का, ते कळव.

शेवटचा कार्यक्रम चोवीस तारखेला आहे. तोपर्यंत मी तात्पुरता. काम पसंत पडले तर कायम. नाही पडले तर तुला माहीतच आहे: काकांचे खिळ्या-बिजागऱ्यांचे दुकान आणि गल्ल्याशेजारचे ते स्टूल.

आता तिघांविषयी. एक गायिका. त्यांचा आवाज गाताना मोठा आणि बोलताना त्याहून मोठा. गिटार वाजवतात त्यांना सगळे लंबू म्हणतात. ते दारातून आत येताना वाकतात आणि आत आल्यावर सरळ व्हायचे विसरतात. ड्रम वाजवणारे दातांचे डॉक्टर आहेत. खरेखुरे. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून सांगितले की माझी उजवीकडची दाढ फार दिवस काढणार नाही.

अडचण ही आहे की माणसे माइक लावलेला विसरतात. काल डॉक्टरांनी सहा मिनिटे गुळण्या केल्या. लंबूंनी दोन ढेकर दिल्या, एक मोठी, एक अर्धी. मी कंसात (ढेकर) असे लिहिले आहे. अर्धीचे काय करायचे?

तुझा,
मी

*

६ ऑक्टोबर
घर

शहाण्या,

पत्र मिळाले. दोनदा वाचले. चूक सापडली नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा वाचण्याचे कष्ट वाया गेले.

गुडघे जागेवर आहेत. फोन करू नकोस. फोनवरचे बोलणे हवेत जाते आणि मग कोण काय म्हणाले यावर दोन माणसे चार दिवस भांडतात. पत्र फाइलला लागते.

विचारले नाही ते न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. कोर्टात एकतीस वर्षे साक्षीपुरावे टाइप केल्यावर एवढे मी छातीठोकपणे सांगू शकते. ढेकरेचा प्रकरणाशी संबंध असेल तर लिहावी, नसेल तर नाही. मान हलवली असेही नुसते लिहू नये. ‘हो’ म्हणून हलवली की ‘नाही’ म्हणून, ते लिहावे. आमच्याकडे एकदा एका मान हलवण्यावर दोन वर्षे गेली.

पण तू एक मोठी चूक करतो आहेस. सही घेत नाहीस. माणूस आज बोलतो आणि महिन्याने म्हणतो, मी असे म्हणालोच नव्हतो. मग लिहिणाऱ्याची मान अडकते. म्हणून आमच्याकडे जबानी झाली की ती साक्षीदाराला वाचायला द्यायची आणि खाली त्याची सही घ्यायची. तूही घे. उद्या ती बाई म्हणाली की तू मनचे लिहिलेस, तर तुझ्याकडे दाखवायला काय आहे?

तुझ्या त्या तिघांना मी ओळखत नाही, पण आठ-आठ ठिकाणी निरोप घ्यावा लागतो म्हणजे कुणाचे तरी मन लागलेले आहे. माझा निरोप समारंभ अकरा मिनिटांत उरकला होता. घड्याळ दिले होते. ते दहा मिनिटे मागे पडते.

काका तुझी चौकशी करत होता. मी म्हटले, कामात आहे.

आत्या

*

९ ऑक्टोबर
तिसरे गाव

आत्या,

सह्या सुरू केल्या. इतक्या दिवसांत प्रथमच शांत झोप लागली.

डॉक्टर न वाचता सही करतात. सही अशी आहे की खाली कंसात ‘ही सही आहे’ असे मला लिहावे लागते. गायिका वाचतात. परवा वाचून म्हणाल्या, “मी एवढं बोलते?” मी म्हटले, एकोणीस पाने फक्त मंगळवारची आहेत. लंबू सहीच्या जागी एक लहानसे घर काढतात, त्याला खिडकी असते. चालेल का?

एक पेच आहे. मी प्रत्येकाला त्याचीच वाक्ये कापून, कोऱ्या कागदावर चिकटवून देतो. पण त्यातून अर्थ लागत नाही. डॉक्टरांचे बुधवारचे पान असे झाले आहे: “हो.” “नाही.” “नाही म्हणजे तसं नाही.” “मग तूच सांग.” डॉक्टरांनी प्रथमच वाचले आणि विचारले, “हे मी कुणाला म्हणतोय? बायकोला की पेशंटला?” मलाच बघून सांगावे लागले.

शिवाय कात्रीने माझ्या बोटाला फोड आला आहे.

तुझा,
मी

*

१२ ऑक्टोबर
घर

शहाण्या,

घर चालेल, खिडकीसह. दर वेळी एकाच बाजूला असली म्हणजे झाले.

कात्री मात्र ताबडतोब ठेवून दे. कापलेला कागद कोर्टात कोणी हातात धरत नाही. पूर्ण पान द्यायचे, पृष्ठक्रमांकासह, सगळ्यांना सारखे. माणसाला आपली जबानी आजूबाजूच्या जबान्यांसकट दिसली पाहिजे. एवढे तुला मी सांगायला हवे होते का? दिवाळखोर दलालासारखे कागद चिकटवत बसलास.

बोटाला हळद लाव.

आत्या

*

१६ ऑक्टोबर
पाचवे गाव

आत्या,

तुझे ऐकले ते बरे झाले. पान एक ते एकशे चार, तीन प्रती, तीन फाइली, प्रत्येक फाइलीला नाडी. काल सकाळी निघण्याआधी तिघांच्या हातात दिल्या. बाईंना सांगितलेले नाही. बारीकसारीक गोष्टींसाठी मला त्रास देत जाऊ नकोस, असे त्यांनी स्वतःच मला दोनदा सांगितले आहे (पान १२ आणि पान ३७).

तिघांनीही गाडीत बसल्याबरोबर वाचायला घेतले. मान वर केली नाही. चार तासांच्या प्रवासात टेपवर लिहिण्याजोगे एकच वाक्य आले, तेही ड्रायव्हरचे: “कुणी गेलंय का?”

एरवी इतकी बडबड करणारी माणसे, पण माझे काम वाचताना अगदी गढून गेली होती. आत्या, मला वाटते मी कायम होणार.

तुझा,
मी

*

१९ ऑक्टोबर
सहावे गाव, जिन्याखाली

आत्या,

काकांना स्टूल पुसून ठेवायला सांग.

ती तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. तीन दिवस झाले. काल सहावा कार्यक्रम झाला तो तिघांनी तीन दिशांना तोंडे करून केला. लोकांना वाटले ही नवीन पद्धत आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

झाले ते असे. पान ४१ वर लंबू ड्रायव्हरला सांगतात: “सहा वर्षांपूर्वी तिचा घसा गेला होता. तेव्हापासून सगळी गाणी आम्ही अर्धा सूर खाली वाजवतो. तिला वाटतं आवाज परत आला.” गायिकांनी हे वाचले.

पान ५८ वर गायिका केस विंचरताना म्हणतात: “डॉक्टर प्रत्येक गाणं पळवतो. सकाळी दवाखाना उघडायचा असतो ना.” डॉक्टरांनी हे वाचले.

पान ७३ वर डॉक्टर फोनवर बायकोला सांगतात: “लंबूचा काय त्रास? माझ्या शेजारच्या स्पीकरमधून त्याची गिटार मी नऊ वर्षांपूर्वीच बंद करून घेतलीय.” लंबूंनी हे वाचले. वाचून त्यांनी एवढेच विचारले, “नऊ?” मग स्वतःच बोटांवर मोजले.

तिघांनीही सही केली आहे. प्रत्येक पानावर. लंबूंच्या घराला आता खिडकी नाही.

बाईंना कळले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि विचारले, “तू त्यांना ते वाचायला दिलंस? का?”

मी म्हटले, “सहीसाठी.”

“कुणी सांगितलं होतं सही घ्यायला?”

मी तुझे नाव घेतले नाही. पद्धत आहे, असे म्हटले.

त्या म्हणाल्या, “हे बघ. दोन गावं राहिलीत. सातवं त्यांनी आत्ताच रद्द केलंय. चोवीस तारखेला तिघं स्टेजवर नसतील तर माझ्या चित्रपटाला शेवट नाही. आणि चित्रपटाला शेवट नसला तर तुला सुरुवात नाही. कळलं?”

कळले. आत्या, जे झाले ते नियमाप्रमाणे झाले. मग असे का झाले?

मी

*

२१ ऑक्टोबर
घर

शहाण्या,

हे पत्र जादा पैसे भरून पाठवत आहे, लगेच वाच.

आधी एक कबुली. एकतीस वर्षांत मी हजारो साक्षीदारांना जबानी वाचायला दिली. त्यांपैकी वाचली कुणीच नाही. ‘कुठे करू?’ असे विचारायचे, सही करायचे आणि चहाला जायचे. एकाने वाचली होती; त्याला घेरी आली. तुझी माणसे वाचणारी निघाली हे मला घरबसल्या कसे कळावे? तरी चूक माझी. हे मी लिहून देत आहे, सोबत सही आहे, त्या बाईला दाखवायचे तर दाखव. माझे नाव घेतले नाहीस हा गाढवपणा केलास.

आता पुढचे. सही झाली म्हणजे प्रकरण संपले असे नाही. साक्षीदाराला दुरुस्ती मागता येते. ‘मी असे म्हणालो, पण मला असे म्हणायचे होते’ हे सांगण्याचा त्याला हक्क आहे आणि ते लिहून घेणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे. ती एकमेकांशी बोलत नाहीत ना? नकोत बोलू. तुझ्याशी बोलतील. तू माणूस नाहीस, कारकून आहेस. कारकुनावर कुणी रागावत नाही. पेन्सिल घे आणि प्रत्येकाच्या दारात जा.

स्टुलाविषयी काकाला काहीही सांगितलेले नाही.

आत्या

*

२६ ऑक्टोबर
आठवे गाव

आत्या,

तुझे पत्र तेवीसला संध्याकाळी मिळाले. चोवीसला सकाळी सातला मी सुरुवात केली.

हॉटेल तीन मजली. गायिका तिसऱ्यावर, डॉक्टर दुसऱ्यावर, लंबू पहिल्यावर. अशा खोल्या त्यांनी मागूनच घेतल्या होत्या. मी बाईंना तुझे पत्र दाखवले. त्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले आणि कॅमेरावाल्याला माझ्या मागे जायला सांगितले. माझ्याही कॉलरला माइक लावला. लिफ्ट चालू होती, पण तिची घरघर टेपवर येते म्हणून जिन्याने जायचे ठरले.

गायिकांचे दार प्रथम वाजवले. मी म्हटले, “दुरुस्ती काही?”

त्या म्हणाल्या, “लिही. पान अठ्ठावन्न. डॉक्टर पळवतो हे कायम. पण दवाखान्याचं काढून टाक. ते मी चिडून बोलले.”

मी खाली डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “काढायचं नाही. मी दवाखान्यासाठीच पळवतो. साडेआठला पहिला पेशंट असतो. वर जाऊन सांग.”

वर गेलो, सांगितले. गायिका म्हणाल्या, “अठरा वर्षं?” मी खाली गेलो. डॉक्टर म्हणाले, “अठरा कुठली, दवाखान्याला सोळाच झाली. लिहिताना नीट लिही.”

लंबूंनी पान ४१ उघडून ठेवले होते. म्हणाले, “इथं ‘आम्ही’ आहे तिथं ‘मी’ कर. सूर मी एकट्यानंच उतरवले. डॉक्टरला माहीतच नव्हतं. कसं असणार? त्याला माझं काही ऐकूच येत नव्हतं.”

हे मी दुसऱ्या मजल्यावर सांगितले तेव्हा डॉक्टर बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिले. मग म्हणाले, “आणि हे मला आज तू सांगतोयस.”

बारा फेऱ्या झाल्या. कॅमेरावाला नवव्या फेरीला बसला होता, तो कॅमेरा मांडीवर धरून मी वर-खाली जाताना टिपत होता. बाराव्या फेरीला गायिकांनी मला दारातच थांबवले आणि विचारले, “तुला रे काय पडलंय एवढं? घाम बघ किती आलाय.” मी काहीतरी उत्तर दिले. ते महत्त्वाचे नाही.

त्यानंतर त्या खोलीबाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. खोलीत उकडत असावे. बसल्या बसल्या त्यांनी खाली हाक मारली, “लंबू, मला सांगितलं का नाहीस?”

लंबू पहिल्या मजल्यावरून म्हणाले, “सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस.”

“आता सोडतोच आहोत की.”

“ते तुला थांबायचंय म्हणून.”

“मला? मला वाटलं तुला थांबायचंय.”

मधल्या मजल्यावरून डॉक्टर म्हणाले, “थांबायचंय मला. माझी पाठ गेलीय. जानेवारीत सांगितलं होतं. तुम्ही दोघं तेव्हा पोस्टरचा रंग ठरवत होता.”

मग फार मोठा गोंधळ झाला. पोस्टरचा रंग, विसरलेली एक वायर, कुणाच्या तरी लग्नात न जाणे, सगळे आले. मी मधल्या मजल्याच्या कठड्याला टेकून लिहीत होतो. तिघे एकदम बोलत असताना कुणाचे आधी लिहायचे याचा नियम तू सांगितलेला नाहीस. मी मजल्याप्रमाणे वरून खाली लिहिले. अडीच तासांनी बाईंनी सगळ्यांना चहा पाठवला.

शेवटी दोन गोष्टी ठरल्या. गायिका म्हणाल्या, आज गाणी मूळ सुरात वाजवायची. डॉक्टर म्हणाले, आज माझ्या शेजारच्या स्पीकरमध्ये गिटार चालू ठेवायची. लंबू म्हणाले, “म्हणजे आज वाट लागणार.”

लागली. गायिकांचा आवाज तिसऱ्या गाण्यात, अगदी वरच्या सुरावर फुटला. त्या हसल्या आणि माइक प्रेक्षकांकडे वळवला. दीडशे माणसे होती, त्यांनाही तो सूर लागला नाही. पाचव्या गाण्यात लंबू एकटेच वाजवतात अशी एक जागा आहे. ती संपली तरी ड्रम सुरू होईनात. सगळे मागे वळून बघू लागले. डॉक्टर काठ्या मांडीवर ठेवून बसले होते. लंबूंनी विचारले, “काय झालं?” डॉक्टर म्हणाले, “हे तू रोज वाजवायचास?” हे टेपवर स्पष्ट आले आहे. लंबूंनी ते संपूर्ण पुन्हा वाजवले.

मग शेवटचे गाणे झाले आणि बँड संपला. खरोखर संपला. डॉक्टरांनी ड्रम विकूनही टाकले, तिथल्या तिथे, एका प्रेक्षकाला.

बाई खूश दिसल्या. मी नोकरीचे विचारले तर म्हणाल्या, “आधी जिन्यावरची टेप लिहून दे.” इथे माझे पुन्हा चुकले असावे. मी म्हटले, “ती मला लिहिता येणार नाही. तीत मी स्वतः बोललो आहे. आपली साक्ष आपण उतरवू नये.”

त्यांनी डोळे मिटले. “मग कोण लिहिणार?”

मी म्हटले, “माझी आत्या.”

त्या निघून गेल्या. पण पेनड्राइव्ह कुरिअरने तुझ्याकडे निघाला आहे, असे कॅमेरावाला म्हणाला. बाराव्या फेरीचा भाग फारसा ऐकण्यासारखा नाही. पंख्याचा आवाज आहे. तो सोडलास तरी चालेल.

तुझा,
मी

*

५ नोव्हेंबर
घर

शहाण्या,

टेप मिळाली. शेजारच्या मुलीचा लॅपटॉप आणला, तिने हेडफोन लावून दिले. चार दिवसांत सत्तावीस पाने झाली. बोटे अजून चालतात.

डॉक्टर हा उत्तम साक्षीदार आहे. स्वतःच्या विरुद्ध जाणारे बोलतो आणि थांबतो. गायिकेवर माझा विश्वास बसला. लंबूला वकिलाची गरज आहे. तू जिना चढताना फार धापा टाकतोस, त्या मी लिहिलेल्या नाहीत. पंख्याचा आवाज मला कुठेच आला नाही.

टेपेबरोबर तुझ्या दिग्दर्शक बाईची चिठ्ठी होती. त्यातली तुझ्यापुरती ओळ अशी: ‘हा मुलगा मला वेड लावणार, पण पुढच्या कामालाही मला हाच हवा, कायमचा, फक्त सह्यांचं आधी मला विचारायला सांगा.’ चिठ्ठीवर तिची सही आहे. मूळ प्रत फाइलला लावली, नक्कल काकाच्या दुकानात नेऊन दिली. त्याने ती वाचली आणि म्हणाला, बरं. मग स्टुलावर मांजर बसते ते हाकलू नकोस, असे नोकराला सांगितले.

पान ११ सोबत जोडले आहे. पूर्ण पान, कापलेले नाही. ते असे:

गायिका: तुला रे काय पडलंय एवढं? घाम बघ किती आलाय.
लिहिणारा: हे जमलं नाही तर नोकरी जाईल.
गायिका: जाईल तर जाईल. दुसरी मिळेल.
लिहिणारा: दुकान आहे. काकांचं. मी दुकानात बसेन, त्याचं काही नाही. पण आत्या माझ्यासाठी काकांशी तीनदा भांडलीय. शाळा सुटली तेव्हा एकदा आणि मग दोन नोकऱ्यांना दोनदा. ती म्हणते, त्याचं अक्षर बघ. दर वेळी अक्षरच दाखवते. तिच्याकडे माझं दाखवण्यासारखं दुसरं काही नाही. आता चौथ्यांदा तिला भांडायला लागू नये. (थोडा वेळ थांबतो.) दुरुस्ती काही?
गायिका: सरक. मला बाहेर येऊ दे.

नीट वाच. बरोबर असेल तर खाली सही कर आणि पाठव.

आत्या

*

९ नोव्हेंबर
स्टुडिओ, दुसरा मजला

आत्या,

पान ११ मिळाले. शब्द सगळे बरोबर आहेत.

एकच दुरुस्ती. कंसात तू ‘थोडा वेळ थांबतो’ असे लिहिले आहेस. मी थांबलो नव्हतो, रडत होतो. टेपवर ते स्वच्छ ऐकू येते. मी आज बाईंच्या परवानगीने ऐकले. तू एकतीस वर्षांत असे कधी केले नसशील.

मी ते खोडून बरोबर केले आहे आणि शेजारी तुझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. माझी सही खाली आहे.

तुझा,
मी